आवडाबाईचं नाक

आवडाबाई,

परवा केसवाली पुन्हा आपल्या गल्लीतून ओरडत आली. मी खिडकीत उभी होते, आणि तुमची वेणी माझ्या कपाटात वरच्या फळीवर होती, गेली नऊ वर्षं आहे तिथंच. दुसऱ्याच्या केसांची मला किती किळस आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. जेवणात केस निघाला तर मी ताटावरून उठते. तरी तुमची दीड हात वेणी सांभाळते आहे आणि कपाट उघडलं की तोंड फिरवते. हे काय चाललंय असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. लोक वाचतील, वाचू देत. कॅन्सरवर जो तो लिहितो तो झुंज, योद्धा, विजय असलं काहीतरी लिहितो. मला त्या शब्दांचा वीट आलाय. तुम्ही योद्ध्या-बिद्ध्या नव्हता. तुम्हांला घाण वाटत होती, सहाही वेळा, आणि तरी तुम्ही दवाखान्यात गेलात. एवढंच सांगायचंय. यात भानुमतीबाई म्हणून जी येईल ती मी. दुसरीची हकीकत सांगताना 'मी मी' करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. कुठं चुकलं तर फोनवर सांगा.

तर, आवडाबाई पिशोरची. नवरा रामकिसन गावी शेती बघायचा आणि ही शहरात, उस्मानपुऱ्यात, भानुमतीबाईंच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत खानावळ चालवायची. भानुमतीबाई वर राहायच्या. पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि सगळ्यांना सगळं समजावून सांगायची सवय न सुटलेल्या. खाली चाळीस विद्यार्थी जेवायचे. सकाळी पोळीभाजी, संध्याकाळी भाकर, आणि शुक्रवारी येसर मसाला घातलेली आमटी, जिच्या वासानं समोरच्या बँकेतले लोक घड्याळ बघायचे.

आवडाबाईचा सगळा धंदा नाकावर. ती भाजी चाखायची नाही. चाखली की उष्टी झाली, म्हणायची. पातेल्यावरचं झाकण उचलायचं, एकदा वास घ्यायचा आणि सांगायचं, "मीठ कमीय." भानुमतीबाईंनी एकदा वाद घातला होता की मिठाला वास नसतो.

"तुमच्या कालेजातल्या मिठाला नसंल," आवडाबाई म्हणाली आणि मूठभर मीठ टाकलं. आमटी बरोबर झाली होती.

दोन हजार चौदा साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिला छातीत गाठ लागली. चार महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. खानावळ बंद पडेल म्हणून. मग ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दर तीन आठवड्यांनी एक, असे किमोथेरपीचे सहा डोस. एकही सोडायचा नाही, अधेमधे थांबायचं नाही. आवडाबाईला वाटलं होतं, गाठ काढली म्हणजे सुटलो. घरी येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"गाठ तर गेली, बाई. मंग ही सलायनं कामून?"

भानुमतीबाईंनी सांगितलं ते तिला आजही पाठ आहे. "शेतातलं गाजरगवत उपटलं तरी बी मातीत राहतं ना? तसं. हे औषध म्हणजे फवारणी. जे जे भराभर वाढतं ते ते मारायचं, एवढंच त्याला कळतं. गाजरगवत कुठलं न् मेथी कुठली हे त्याला कळत नाही. केसांची मुळं भराभर वाढतात, तोंडातली कातडी, आतडं, हाडांच्या आत रक्त तयार होतं ते, हे सगळं भराभर वाढतं. म्हणून तेही मरतं. केस जातील, तोंड येईल, उलट्या होतील, अंगातलं बळ जाईल. पण मेथी पुन्हा उगवते. गाजरगवत उगवू नये म्हणून सहा वेळा फवारायचं."

"आन पाचातच ऱ्हायलं तर?"

"तर ते गाजरगवताला विचारा."

आवडाबाई उठली. "सहा म्हंजे सहा," म्हणाली, आणि कणीक मळायला गेली.

पहिल्या डोसाला दोघी रिक्षानं गेल्या. भानुमतीबाईंना दवाखान्याच्या वासाचा तिटकारा. त्यांनी पिशवीत यूडीकोलनची बाटली घेतली होती. लहानपणापासून त्यांच्या रुमालाला तोच वास. आत गेल्याबरोबर आवडाबाईनं नाकाला पदर लावला. फिनेल, स्पिरिट, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्यातली कोमट मेथीची भाजी, कुणाच्या तरी पायातले ओले मोजे. तिला प्रत्येक वास वेगवेगळा येत होता. हेच तिचं दुर्दैव. भानुमतीबाईंनी रुमालावर यूडीकोलन ओतलं आणि तिच्या नाकाशी धरलं. बरं वाटलं. नळीतून लाल औषध, लग्नातल्या सरबतासारखं, थेंबथेंब आत गेलं तोवर तिनं रुमाल सोडला नाही.

नर्सनं उलटीच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर वेळा लिहून दिल्या. आवडाबाईनं कागद घडी करून डब्याखाली ठेवला. उलटी आली तर गोळी घेऊ, असा साधा हिशेब. संध्याकाळी सात वाजता खाली वच्छलाबाईनं, म्हणजे हाताखालच्या बाईनं, आमटीला लसणाची फोडणी दिली. तीच फोडणी, जी आवडाबाई बावीस वर्षं देत होती. ती मोरीपर्यंत पोचली नाही. भिंतीवर, उंबऱ्यावर, चाळीस ताटं मांडली होती तिथून दोन हातांवर तिची उलटी पडली. एका विद्यार्थ्यानं ताट सरकवलं आणि तोंड वाकडं केलं. आवडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा राग नव्हता आला. तिलाही तेच वाटत होतं.

"गोळी घेतली होती?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"आता घेते की."

"आता घेऊन काय, ती पोटात राहणार आहे का? गोळी आधी घ्यायची. मळमळ असो वा नसो, कागदावर लिहिलेल्या वेळेला. मळमळ उठल्यावर तिला बसवता येत नाही, उठूच द्यायची नाही. आणि तो कागद डब्याखाली ठेवायला दिला होता का?"

दुसऱ्या डोसापासून ती घड्याळ बघून गोळी घ्यायला लागली. उलट्या निम्म्यावर आल्या. किळस मात्र कमी झाली नाही. स्टीलच्या चमच्यानं खाल्लं की तोंडात जुनं नाणं धरल्यासारखं लागायचं. भानुमतीबाईंनी प्लॅस्टिकचा चमचा आणला. गरम अन्नाची वाफ नाकात गेली की संपलं. मग सगळं गार करून, दोन-दोन तासांनी चार-चार घास. तोंडात फोड आले तेव्हा मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून सहा वेळा चूळ. बद्धकोष्ठ झालं, त्याबद्दल ती भानुमतीबाईंशी बोलायला लाजली आणि तीन दिवस कळवळत राहिली; मग भानुमतीबाईंनीच खडसावून विचारलं आणि डॉक्टरांकडून औषध आणलं. डोसानंतर दोन दिवस संडासात दोनदा पाणी सोडायचं, कारण ते औषध अंगातून तिथूनच बाहेर पडतं. हे सगळं आवडाबाई करायची, आणि करताना म्हणायची, "बाई, माझा मलाच ओंगळपणा वाटू राह्यला." स्वतःच्या घामाला वेगळा वास येतो, असं तिचं म्हणणं होतं. भानुमतीबाईंना तो येत नव्हता. त्यांनी तसं सांगितलं. आवडाबाई म्हणाली, "तुमचं नाक भाडेकरूय, माझं घरमालकय."

पहिल्या डोसानंतर पंधराव्या दिवशीच एका ताटात केस निघाला होता. मग दुसऱ्या ताटात. आवडाबाईनं डोक्यावरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. तिनं वच्छलाबाईला कात्री आणायला सांगितली आणि गच्चीवर जाऊन वेणी मुळापासून कापून घेतली. दीड हात, काळी, मनगटाएवढी. उरलेलं वस्तऱ्यानं.

"फेकू?" वच्छलाबाई म्हणाली.

"फेकतेस कशाला? केसवाली पातेलं दील. जाड बुडाचं."

गल्लीत केसवाल्या यायच्या. गुंतवळ घ्यायच्या आणि चमचे, वाट्या द्यायच्या. अख्ख्या वेणीला पातेलं सहज मिळालं असतं. पण पिशोरहून मोठी जाऊ, सारजाबाई, सेवेसाठी येऊन राहिली होती, आणि तिनं वेणी बघून डोळे मोठे केले. बाईचे केस दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे करणी झालीच. विहिरीत टाका नाहीतर जाळा. आवडाबाईनं वेणी कागदात गुंडाळून जिन्यानं वर नेली.

"तुमच्याजवळ ठेवा, बाई. सहावा झाला की आपण दोघी दारात बसू. भाव मी करीन."

भानुमतीबाईंनी दोन बोटांनी पुडकं धरलं आणि कपाटात टाकलं.

सारजाबाईबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण ती वाईट बाई नव्हती, तरी तिनं आवडाबाईला जवळजवळ मारलंच होतं. ती आली ती अंगारा, काळा काढा आणि समाचाराला येणारं अर्धं पिशोर घेऊन आली. माणसं यायची, चपला घालून आत, खाटेवर आवडाबाईच्या पायाशी बसायची, खोकायची, कपाळाला हात लावून बघायची आणि त्याच हातानं पेढा भरवायची. कुणाची मावशी याच आजारानं कशी गेली ते रंगवून सांगायची. भानुमतीबाईंनी दारावर पाटी लावली: हात धुवा, खोकला असेल तर घरी जा. पाटीखालीच एक गृहस्थ पान थुंकले.

"आवडे, नवरा जित्ता असताना बोडकी दिसतीस गं," सारजाबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली.

"नवरा जित्ताच हाये, आक्का. त्याला काय झालं? केसं माझे गेलेत."

गावाहून आलेला रामकिसन कोपऱ्यात बसला होता. त्यानं उगाच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

चौथा डोस झाला. भानुमतीबाईंना भाचीकडे वैजापूरला दोन दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी थर्मामीटर आवडाबाईच्या उशाशी ठेवला आणि पुन्हा सांगितलं, की डोसानंतर आठव्या-दहाव्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. अंगाला जंतूंशी भांडायला कुणी उरत नाही. कच्चं, उघड्यावरचं, न धुतलेलं काही खायचं नाही. आणि ताप शंभरच्या वर अर्धा डिग्री जरी गेला तरी कुणाला विचारायचं नाही, थांबायचं नाही, तापाची गोळी घेऊन तो दाबायचा नाही, सरळ दवाखाना.

तो दहावा दिवस होता. आवडाबाईचं तोंड पेटलं होतं, पाय जळत होते. सारजाबाई म्हणाली, ही औषधाची गरमी. गरमीवर उपाय थंड. ती कोपऱ्यावरच्या रसाच्या गाडीवरून तांब्याभर उसाचा रस घेऊन आली, बर्फ घालून. ती गाडी आवडाबाईनं हजारदा बघितली होती. चरकाला घुंगरं, चिपाडांवर माश्यांचा थर, गोणपाटात गुंडाळलेला बर्फ फुटपाथवर आपटून फोडायचा, आणि रसवाल्याचा हात कोपरापर्यंत हिरवा. चांगल्या दिवसांत ती तिथून नाक धरून जायची. पण त्या दिवशी रसाला काही वासच आला नाही. फक्त गार लागला. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी घशाखाली बिनत्रासाचं गेलं. ती दोन पेले प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी वाजून आली. थर्मामीटर एकशे एक.

"गरमी भाईर पडू राह्यली," सारजाबाई समाधानानं म्हणाली. "पडू दे. वल्लं फडकं ठेवते."

"आक्का, दवाखान्यात जायला पायजेल."

"आता गेलं की ते अजून सलायन लावतेत. औषधानंच ही दशा झालीय तुझी. चार झाले, बास झाले. रामकिसन, तूच सांग."

रामकिसन म्हणाला, "उद्या बाई येतील. त्यांना इचारू."

आवडाबाईनं त्या दोघांकडे बघितलं. तिला राग यायला हवा होता. आला तो तिटकारा. त्या ओल्या फडक्याचा, तांब्याच्या तळाशी चिकटलेल्या हिरव्या साक्याचा, कोपऱ्यात मांडी घालून उद्याची वाट बघणाऱ्या नवऱ्याचा. ती उठली. डोक्यावर पदर घेतला, फाईल घेतली, भिंत धरत धरत रस्त्यावर आली आणि रिक्षाला हात केला. रामकिसन चपला शोधत मागून धावला तोवर रिक्षा वळली होती. पुढच्या रिक्षानं तो पोचला.

पांढऱ्या पेशी आठशे निघाल्या. चार हजारांच्या वर असाव्या लागतात. अजून एक दिवस गेला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. भानुमतीबाई वैजापूरहून थेट वॉर्डात आल्या तेव्हा सारजाबाई खाटेशी उभी होती.

"रसानं काय व्हतं, बाई? देवाला बी चढिवतेत."

"देवाच्या पांढऱ्या पेशी मोजल्यात का तुम्ही?" भानुमतीबाई म्हणाल्या. सारजाबाई त्या संध्याकाळच्या गाडीनं पिशोरला गेली. समाचाराला येणारेही थांबले. घर स्वच्छ झालं. आता सोपं जाईल, असं भानुमतीबाईंना वाटलं.

पाचव्या डोसाला निघालेली रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबली आणि आवडाबाईला उलटी झाली. अजून सुई नाही, औषध नाही, दवाखाना दिसतसुद्धा नाही. गोळी वेळेवर घेतलेली. भानुमतीबाईंनी घाईघाईनं रुमाल काढला, नाकाशी धरला, आणि ती पुन्हा ओकली.

"मी नाय जात," आवडाबाई म्हणाली. "फिरवा रिक्षा. चार झाले. मेले तरी चालंल, पन मला हे नाय व्हत."

 रिक्षावाला आरशातून आपल्या सीटकडे बघत होता. सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे वाजले.

"सहा म्हणाला होतात," भानुमतीबाई शेवटी म्हणाल्या.

आवडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "चला मंग. पन मला धरू नगा."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. असं पुष्कळांचं होतं, म्हणाले. शरीर शिकतं. या रस्त्यानंतर, या वासानंतर उलटी येते हे त्याला पाठ होतं, मग औषधाआधीच ते उलटी करून मोकळं होतं. हा मनाचा दुबळेपणा नाही. आदल्या दिवशी घ्यायची एक वेगळी गोळी त्यांनी लिहून दिली आणि विचारलं, "नेमका कसला वास आला की होतं?"

आवडाबाईला नेमकं माहीत होतं. तिच्या नाकाला माहीत नाही असं काही नव्हतं. भानुमतीबाई हातात रुमाल घेऊन शेजारीच बसल्या होत्या.

"दवाखान्याचा," ती म्हणाली.

दुसरं काय सांगणार? ज्या बाईनं तीन महिने हात धरून आणलं, तिला तोंडावर म्हणायचं की तुमचाच वास येतो? आणि ती बाई सोबत नसेल तर आपण सहाव्याला जाणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. सहाव्याला ती रिक्षात वाऱ्याच्या बाजूला तोंड करून बसली, श्वास धरून, मध्ये मध्ये तोंडानं हवा घेत. भानुमतीबाईंना वाटलं रुसली आहे. लाल औषध संपलं, सुई निघाली, नर्सनं हसून सांगितलं की झालं आता. भानुमतीबाईंनी तिला जवळ घेतलं. आवडाबाईनं त्यांच्या साडीवर उलटी केली.

पंधरा दिवसांत तिनं खोल्या सोडल्या. पडेगावला जागा मिळाली म्हणाली. भानुमतीबाईंना निरोप सांगायलासुद्धा वच्छलाबाईला वर पाठवलं. भानुमतीबाईंना हे फार लागलं. माणसं गरज सरल्यावर कशी वागतात याबद्दल त्या वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होत्या. मग न राहवून एक दिवस स्वतःच पडेगावला गेल्या.

दार आवडाबाईनं उघडलं. केस बोटभर वाढले होते, कुरळे. अंग भरलं होतं. क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि लगेच पांढरा पडला. ती मोरीकडे धावली. भानुमतीबाई अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या. मग ती दाराच्या आडून बोलली.

"बाई, तुमी तिथंच थांबा. पुढं येऊ नगा. रागावू नगा. तुमचा रुमाल."

पस्तीस वर्षं ज्या बाईनं पोरींना शिकवलं होतं की वास म्हणजे पदार्थाचे कण प्रत्यक्ष नाकात शिरणं, तिला अंगणात उभं राहून हे समजायला पुष्कळ वेळ लागला. सहा वेळा, विषाच्या प्रत्येक थेंबाबरोबर, तिनं स्वतःचा वास त्या नाकात नेमानं बसवला होता. सारजाबाईचा रस पाच दिवसांत धुऊन निघाला. हे निघालं नाही.

आवडाबाई, यूडीकोलन मी त्याच दिवशी मोरीत ओतलं. मोरीलाही चार दिवस वास होता. तुमचं नाक परत ठिकाणावर आलं, मीठ न चाखता कळतं, पडेगावची खानावळ जोरात आहे, सगळं तुम्ही गुरुवारी फोनवर सांगता आणि मी ऐकते. फोनला वास नसतो, हे बरं. हे पत्रसुद्धा मी कपाटातल्या कागदांवर लिहिलेलं नाही. वाण्याकडून नवी वही आणली आणि स्वयंपाकघरात बसले.

वेणीचं तेवढं राहिलं. पाठवून द्यावी म्हणून मी ती दोनदा शिकेकाईनं धुतली. किती ओंगळ काम ते, दुसऱ्याच्या केसांतून बोटं घालायची. गच्चीवर वाळत घातली. तरी वास गेला नाही. त्या फळीवर माझी बाटली चाळीस वर्षं होती. केसांनी तो पिऊन घेतलाय. पाठवली तर तुम्ही पुडकं उघडायच्या आधीच मोरीकडे धावाल. परवा केसवालीला मी खिडकीतून थांबवली. दीड हात आहे म्हटलं तर ती पायरीवर बसलीच, आणि चार पातेली मांडली. मला म्हणाली, घ्या वाजवून. मी एक वाजवलं, दुसरं वाजवलं. सारखीच वाजली. जाड बुडाचं कुठलं ते वाजवून तुम्हांला कळतं, मला नाही. आणि भाव तुम्ही करणार होतात. तिला म्हटलं, वेणी ज्यांची आहे त्या आल्या की ये.